अकरा नंबरचा खिळा

काळजी करणं ही विद्या मानली गेली असती, तर आमचे साडू तिचे पीठाधीश झाले असते. फक्त गादीवर बसण्याआधी ती दमट तर नाही ना, हे त्यांनी हात फिरवून पाहिलं असतं. इतर माणसं काही वाईट घडलं की काळजी करतात. साडूंना चांगलं घडलं की जास्त धास्ती वाटायची, कारण वाईट घडून गेलं की निदान ते घडायचं राहिलेलं नसतं. आकाश निरभ्र दिसलं की ते छत्री घेत. आयर्लंडमध्ये हे शहाणपणच ठरतं म्हणा, पण पुण्यात एप्रिलमध्येही ते तसंच करायचे असं आमची मेहुणी सांगते.

शतक बदलायच्या सुमारास मी डब्लिनला आलो. जगभरातले संगणक साल विसरणार अशी तेव्हा आवई होती, आणि तसं होऊ नये म्हणून ज्या हजारो पोरांना परदेशी धाडलं त्यांतला मी एक. बायकोची थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे हे साडू, आधीपासूनच डब्लिनजवळच्या मेनूथला राहत होते. ते चिपच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होते. जी वस्तू डोळ्यांना नीट दिसते तिच्यात काय बिघडलं असेल याचा दिवसभर विचार करायचा, हे त्यांचं काम. कंपनी त्यांच्या स्वभावाला पगार देत होती. मला घ्यायला ते विमानतळावर पाच तास आधी येऊन बसले होते. हातात थर्मास, खांद्यावर माझ्या मापाची दोन जाड जाकिटं. मी बाहेर आलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "विमान नीट उतरलं ना?"

"अहो, मी तुमच्यापुढे उभा आहे."

"ते दिसतंय. पण कधी कधी उतरताना काहीतरी होतं आणि नंतर कळतं."

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी न्हाणीतला टब पाण्यानं काठोकाठ भरून ठेवला, वीस किलो तांदूळ आणला आणि घरातल्या प्रत्येक खोलीत मेणबत्ती लावायची सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सँट्रीतल्या माझ्या खोलीवरून फोन केला, "साडू, सगळं चालू आहे, काही झालं नाही." पलीकडून चिंताक्रांत आवाजात, "मग आता एवढ्या पाण्याचं काय करायचं?"

अशा माणसाला जत्रेतल्या जुन्या खेळांचा नाद लागावा हे मला आजही नवल वाटतं. झालं असं, की मेहुणीला जेवणाचं टेबल हवं होतं म्हणून आम्ही एका रविवारी समुद्रकाठच्या एका गावी गेलो. तिथं जुनी खेळांची जागा बंद पडली होती आणि मालक सामान विकायला काढून बसला होता. डब्लिनची माणसं अशा जागेला 'द मेरीज' म्हणतात. टेबलं दोनच होती, दोन्ही डुगडुगत होती. मी मेहुणीला तिसरं शोधायला मदत करत होतो, तेवढ्यात साडू गायब. शोधलं तर ते शेडच्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले. समोर पत्र्याची बारा बदकं एका रांगेत. बंदुकीनं पाडायची ती. छर्रे खाऊन खाऊन त्यांचा रंग उडाला होता आणि एकाची चोच गेली होती. साडूंनी त्यातलं एक हातात घेतलं होतं आणि त्यांच्या दोन भुवयांच्या मधली, लग्नाच्या फोटोतही असलेली ती उभी आठी चक्क नाहीशी झाली होती.

"साडू, हे बघा," ते म्हणाले, "याच्या पायाशी पोलाद भरलंय. गोळी लागली तरी हे पडणार नाही. आधीच ठरलंय. म्हणजे खेळणाऱ्याला काळजीचं काही कारणच नाही हो."

टेबल आलं नाही. बदकं आली. त्यांच्यामागून पुढच्या तीन-चार वर्षांत रिंगा अडकवायचे आकड्यांचे फळे आले, मोठा आ वासलेलं विदूषकाचं तोंड आलं (ते त्यांनी नेमकं संडासाच्या दारासमोर टांगलं, त्यामुळे पाहुणे आत जायचे घाईनं आणि बाहेर यायचे दचकून), चेंडू मारून नारळ पाडायच्या दांड्या आल्या. नारळाच्या त्या खेळावर साडूंचा तात्त्विक आक्षेप होता. "नारळ फोडायचा असतो, मारायचा नसतो," म्हणून त्या दांड्यांवर त्यांनी कायम नारळांऐवजी लोकरीचे गुंडे ठेवले. काळजी कमी व्हायला आणलेल्या या वस्तूंनी काळजीला नवं मनुष्यबळच पुरवलं. रेडिएटर लावला तर लाकूड तडकेल, बंद ठेवला तर ओल धरेल. लाकूडकिडा नावाच्या प्राण्याशी त्यांचं असं वैर जडलं, की घरात शांतता असली की ते फळ्यांना कान लावून बसत. "कुरतडल्यासारखं ऐकू येतंय का तुम्हाला?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. किडा नसण्यापेक्षा मला ऐकू न येणं त्यांना जास्त गंभीर वाटायचं.

एकदा त्यांनी पश्चिमेकडच्या कुठल्याशा गावातून गवताच्या काड्यांचा विणलेला मुखवटा आणला. उभ्या माणसाचं डोकं, तोंड, खांदे सगळं झाकणारा. पूर्वी तिथली तरुण मंडळी असे मुखवटे घालून लग्नघरात न बोलावता शिरायची, नाचायची, आणि कोणी ओळखायच्या आत निघून जायची. तो दमट हवेत कुजेल म्हणून साडूंनी तो गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात आणि या उबदार कपाटाला हॉट प्रेस. मेहुणीनं सकाळी टॉवेल घ्यायला दार उघडलं, आणि तिची किंकाळी ऐकून शेजारचा माणूस दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आला. साडूही धावले, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "हात लावला नाहीस ना? ओला होता का हात?"

"अरे, मी मेले असते!" मेहुणी म्हणाली.

"तसं नाही गं, तो फार नाजूक आहे."

गणपतीला आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं त्यांच्याकडे जमायचो. मखर म्हणून साडूंनी फिरत्या घोड्यांच्या पाळण्याची एक रंगवलेली फळी लावली. तिच्यावर लाल-सोनेरी वेलबुट्टी, मधोमध जरा तिरळा सिंह. सगळ्यांनी वाहवा केली. फक्त एका पाच वर्षांच्या मुलीनं आईला अस्सल आयरिश हेलात विचारलं, "मम्मी, इज गणपती रनिंग द मेरीज?" सगळे हसले. साडू मात्र आरती संपेपर्यंत निरांजन आणि फळी यांच्यामधलं अंतर डोळ्यांनी मोजत होते. त्यांच्या पायांआड पाण्याची बादली होती.

आणि मग ते चाक आलं. मेनूथच्या पुढं, कालवा ओलांडून गेलं की एक लहानसं गाव लागतं. तिथल्या सभागृहाची साफसफाई निघाली आणि गावच्या उन्हाळी मेळ्यातलं जुनं नशिबाचं चाक साडूंच्या हाती लागलं. पुरुषभर उंच, कडेनं चोवीस आकडे, दोन आकड्यांमध्ये एकेक पितळी खुंटी, आणि वर चामड्याची जीभ. चाक फिरवलं की जीभ खुंट्यांवर टकटक वाजत जायची आणि शेवटी ज्या दोन खुंट्यांमध्ये अडकेल तो आकडा जिंकायचा. मधोमध कोणा गावठी चिताऱ्यानं लाल गालांची एक बाई रंगवली होती, तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. साडू म्हणायचे, "ही बघते तेव्हा मला वाटतं, गॅस चालू राहिलाय."

हे चाक मात्र त्यांनी नुसतं बघितलं नाही, तपासलं. त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. रोज कारखान्यातून आले की चहा घेत ते चाक फिरवायचे आणि वहीत आकडा टिपायचे. महिन्याभरानं त्यांचा मला ऑफिसात फोन आला. आवाज इतका खोल, की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"साडू, अकरा येत नाही."

"कुठून?"

"अहो, चाकावर! दहा येतो, बारा येतो, अकरा एकदाही आला नाही."

त्या शनिवारी आम्ही भिंग घेऊन चाकाला भिडलो. अकराच्या घरात, दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये, डोकं छाटलेला एक बारीक खिळा ठोकलेला होता. वरून त्याच रंगाचा हात दिलेला. त्या खिळ्यामुळे जिभेला तिथं टेकायला जागाच उरत नव्हती. ती एक तर मागं दहावर राही, नाही तर पुढं बारावर घसरे. साडू आनंदले. अस्सल लबाडी, हातानं केलेली, आणि आता त्यांच्या घरात. त्यांनी त्या खिळ्याचे चार बाजूंनी फोटो काढले.

हा आनंद पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच टिकला. चाक विकल्याबद्दल गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी इतकी कुरकुर केली, की मेळा भरवणारी मंडळी साडूंच्या दारात आली. एका दिवसापुरतं चाक द्याल का? आणि तुम्हीच येऊन फिरवाल का? साडूंना नाही म्हणणं कधी जमलंच नाही, नाही म्हटल्यावर समोरच्याला काय वाटेल याची त्यांना काळजी. हो म्हणाले, दार लावलं, आणि मला फोन केला.

"साडू, मेळ्यात कोणी अकरावर लावलं तर?"

"लावतील आणि हरतील. इतकी वर्षं हरतच होते."

"पण आता मला माहीत आहे ना! आता ती लबाडी माझी झाली."

"मग खिळा काढा."

"ओरिजिनल खिळा आहे हो तो!" साडू जवळजवळ ओरडले. "एकदा काढला की गेलं. मग ते चाक नुसतं चाक."

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी मला अकरा फोन केले. आकडा मुद्दाम जुळवून सांगत नाही, तितकेच झाले. मी त्यांना हसत होतो खरा, पण तिसऱ्या दिवशी बॉल्सब्रिजला एका मीटिंगमध्ये बसलो असताना मीच वहीत चाक काढून अकरावर फुली मारत बसलो. साडूंची काळजी संसर्गजन्य होती. चाळीस-पन्नास आयरिश माणसं ताडपत्रीखाली आम्हाला घेरून उभी आहेत आणि 'परदेशातून येऊन आमच्या मेळ्यात फसवता काय' असं विचारताहेत, असं चित्र मला दिसू लागलं.

मेळ्याच्या दिवशी आम्ही सकाळीच चाक उभं केलं. बक्षिसांत बिस्किटांचे डबे होते, चहाचा सेट होता, आणि सगळ्यांत वरचं बक्षीस म्हणजे हॅम, कागदात गुंडाळलेली डुकराची अख्खी मांडी. साडू जन्माचे शाकाहारी, ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. समोर एक ते चोवीस आकड्यांचं लांब टेबल होतं, ज्यानं त्यानं आपल्या आकड्यावर तिकीट ठेवायचं. साडू मनात प्रार्थना करत होते, की अकरावर कोणी ठेवू नये. आणि खरंच कोणी ठेवेना. लोक दहावर ठेवत, बारावर ठेवत, अकरा टाळून. साडूंच्या कपाळावरची आठी सैल व्हायला लागली.

तेवढ्यात निळ्या कोटातल्या एक सत्तरीच्या बाई काठी टेकत आल्या, टेबलापाशी, साडूंच्या समोरच येऊन उभ्या राहिल्या आणि अकरावर तिकीट ठेवलं. चाक फिरलं, बारा आला. त्यांनी दुसरं तिकीट ठेवलं. दहा. तिसरं. पुन्हा बारा. बाई शांत. त्यांचं नाव नोरा. साडूंना एवढ्या वयाच्या बाईला नुसतं नोरा म्हणणं जड जायचं, ते पहिल्या दिवसापासून नोराबाई म्हणाले आणि बाईंनाही ते आवडलं.

"दुसरा एखादा आकडा घेऊन बघा ना," साडू काकुळतीनं म्हणाले.

"छे," नोराबाई म्हणाल्या, "लग्नाच्या आधीपासून मी अकरावरच लावते. दरवर्षी."

साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. लग्नाच्या आधीपासून! त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की पुढं चार दिवस वळ होता. माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हणाले, "साडू, हे पाप आहे."

दुपारी पावसाची सर आली. सगळे चहाला सभागृहात पळाले. ताडपत्रीखाली आम्ही दोघं आणि ते चाक. साडूंनी खिशातून पक्कड काढली. म्हणजे ती त्यांनी घरून आणली होती. मी म्हटलं, मी काढतो. "नको, तुम्ही रंग खरवडाल." दातओठ खाऊन त्यांनी तो खिळा अलगद ओढला, प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवी वरच्या खिशात ठेवली आणि चाकावरच्या त्या लाल गालांच्या बाईकडे न बघता म्हणाले, "झालं."

पाऊस थांबला, लोक परतले. नोराबाईही आल्या आणि त्यांनी अकरावर तिकीट ठेवलं. सतरा. पुन्हा ठेवलं. चार. साडू चाक फिरवत होते आणि त्यांचे ओठ पुटपुटत होते, अथर्वशीर्ष असणार. तिसऱ्या खेपेला चाक मंदावत गेलं, जीभ नवावरून दहावर आली, दहावरून उचलली गेली, आणि अकरावर थांबली.

मला टाळ्यांची अपेक्षा होती. टाळी वाजली नाही. एका म्हाताऱ्यानं तोंडातला पाइप काढला. नोराबाई चाकाकडे एकटक बघत राहिल्या, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पॅकीचा खिळा कोणी काढला?"

साडूंना खुर्चीवर बसवावं लागलं. नोराबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि साडूंच्या हातावर हात ठेवून त्यांनीच सगळं सांगितलं. पॅकी म्हणजे त्यांचा नवरा, चार वर्षांपूर्वी वारला. तरुणपणी हे चाक तोच फिरवायचा. त्याच्या उभं राहायच्या जागेला सगळ्यांत जवळचा आकडा अकरा, म्हणून नोरा येऊन तिथं उभी राहायची. ही मुलगी दरवर्षी येते, पण एखादं बक्षीस लागलं की ते घेऊन घरी निघून जाईल, या धास्तीनं पॅकीनं एका मेळ्याच्या सकाळी अकरात खिळा ठोकला.

"जिंकले असते तर घरी गेले असते ना मी," नोराबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यावर त्यानं सांगितलं. मग काय, गावभर झालं. म्हणून तर अकरावर दुसरं कोणी लावत नाही. तो माझा आकडा आहे."

साडूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी खिशातली पिशवी काढली, नोराबाईंपुढं धरली. "मी परत ठोकतो. त्याच भोकात. कोणाला कळणार नाही." माणूस अजिजीनं बोलत होता. नोराबाईंनी खिळा तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला. मग पर्समध्ये टाकला आणि पर्सचं तोंड बंद केलं.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्या हॅमवर माझा डोळा होता." आणि मग माझ्याकडे वळून, साडूंकडे बोट दाखवून, "युअर मॅन ते घरापर्यंत आणून देईल का? फार जड आहे."

इथं 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गृहस्थ'. साडूंना इतक्या वर्षांनंतरही ते ठाऊक नव्हतं. "माझा माणूस? कुठला माझा माणूस?" असं पुटपुटत ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डुकराची मांडी उचलली. हात ताठ पुढं करून, श्वास रोखून, जणू त्यांच्याकडे कोणाचं तान्हं मूल दिलंय. पुढं नोराबाई काठी टेकत, मागं साडू. मी चाकापाशी थांबलो.

अर्ध्या तासात येतो म्हणाले होते. दोन तास झाले, मेळा उठला, मी चाक गाडीवर बांधलं, तरी पत्ता नाही. आता मला घोर लागला. गाडी घेऊन त्या घरी गेलो, तर दार उघडंच. नोराबाई स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलेल्या आणि साडू स्टुलावर चढून छताच्या एका ओलसर डागावर बोट फिरवत होते. खाली उतरून त्यांनी मला बाजूला घेतलं. "साडू, ही बाई आज लवकर घरी आली. दरवर्षी मेळा संपेपर्यंत ती तिथंच असते. मग आता संध्याकाळभर एकटी काय करेल? मी म्हटलं, बसावं थोडं." मग आवाज आणखी खाली आणून, "आणि ते छत बघितलंत का? हिवाळा निभणार नाही."

त्यानंतर ते दर रविवारी तिकडे जायला लागले. छत त्यांनी दुरुस्त करवलं. गॅस तपासला, विजेच्या तारा तपासल्या, जिन्यावरचा गालिचा ठोकून घट्ट केला. नोराबाई त्यांना सोडा घातलेला ब्रेड द्यायच्या, साडू त्यांना साबुदाण्याची खिचडी न्यायचे, आणि तिचा एकेक दाणा घशात अडकणार नाही ना, या काळजीनं त्यांच्यासमोर बसून राहायचे.

दोन हजार सातच्या वसंतात कंपनीनं साडूंना पुण्याला बदलून पाठवलं. बदकं आणि विदूषक त्यांनी एका जाणकार माणसाकडे सोपवले, त्याच्या घरातली ओल तीनदा मोजून. चाक गावच्या सभागृहाला परत दिलं. आता रविवारी कालव्यापलीकडे मी जातो. पुण्याहून फोन येतो, जिन्याच्या कठड्याची चौकशी होते, मी इथल्यासारखं 'सगळं ग्रँड आहे', म्हणजे ठीक आहे, म्हणतो, आणि पलीकडचा माणूस ते जराही खरं मानत नाही.

गेल्या खेपेला चहा झाला, मी जायला उठलो, कोट चढवला. नोराबाई दारापर्यंत आल्या. बाहेर ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा होता, काळजीचं काही कारण नव्हतं. त्या माझ्याकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस. पण त्याच्यासारखी काळजी तुला करता येत नाही."

गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवायची राहूनच गेली.